प्रयोजन : फिरणे

धानोऱ्याच्या बसस्टॉपवर पाठीला भली मोठी बॅग लावलेला अनोळखी माणूस उतरला, की चहाच्या टपरीवरून एकच प्रश्न येतो : "कोणत्या खात्याचे जी?" नाव, गाव, आडनाव, पगार, लेकरं किती ही चौकशी नंतर. आधी खातं. खात्याशिवाय माणूस आमच्याकडे येतो यावर इथे कोणाचा विश्वास नाही.

टपरीवरचे जाणकार तर विचारण्याच्या आधीच ऋतू पाहून खातं ओळखतात. मे महिन्यात बॅग दिसली तर तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुन्शी. पावसाळ्यात दिसली तर मलेरियावाले. मार्चअखेरीला दिसली तर ऑडिट. निवडणुकीत पोलिंग पार्टी. ती आमच्या जिल्ह्यात हेलिकॉप्टरनेही येते, त्यामुळे तिच्याबद्दल शंका राहत नाही. जूनमध्ये रडवेल्या चेहऱ्याची बॅग उतरली तर नवी बदली. कापडी झोळी असेल तर संस्था, झोळीसोबत रेकॉर्डर असेल तर पीएच.डी. आणि वीस-पंचवीस तरुण पोरं एकदम उतरून रस्त्यावरच गोल करून उभी राहिली, तर शिबिर. या यादीबाहेरचा माणूस टपरीने अजून पाहिलेला नव्हता.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा निघाला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या साहेबांना हाताखालच्या माणसाला दम द्यायला एक हुकमी वाक्य मिळालं : "गडचिरोलीला टाकीन!" त्यामुळे इथे येणाऱ्यांत अर्धे साहेबाच्या रागामुळे आलेले आणि उरलेले अर्धे, त्यांच्या जागी यायला कोणी तयार नाही म्हणून अडकलेले. मी शिक्षण खात्यातर्फे आलो. धानोऱ्याचा आदेश आला तेव्हा बायको रडली. काही वर्षांनी परतीचा आदेश आला तेव्हा पुन्हा रडली. शेवटी निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं, तेव्हा कुठे तिचे डोळे कोरडे झाले.

इतिहास चाळला तरी तेच. अकबराच्या दरबारी अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी' लिहिली, तीत आमच्या आरमोरीजवळच्या वैरागडची नोंद आहे. पण ती हिऱ्यांच्या खाणींसाठी. १८६९ साली मेजर ल्युसी स्मिथ या गोऱ्या साहेबाने चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचा जाडजूड अहवाल तयार केला. खातं, जमीन बंदोबस्त. अलेक्झांडर कनिंगहॅम वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची देवळं पाहायला आले, खातं, पुरातत्त्व. फार काय, मराठी प्रवासवर्णनाचे मूळपुरुष विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत कोकणातून उत्तरेला गेले, ते काही हवापालटासाठी नव्हे. मोठी दक्षिणा मिळेल म्हणून गेले. काम नसताना, कोणी पाठवलेलं नसताना, दक्षिणा मिळणार नसताना माणूस घर सोडतो, ही कल्पनाच आपल्या रक्तात नाही.

आणि मग एका डिसेंबरात माझा पुण्याचा भाचा धानोऱ्याला उतरला.

हा भाचा हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसतो आणि सुटी मिळाली की पाठीला बॅग लावून उठतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागात तो असाच फिरून आलेला. क्वेलिनपासून यांगशुओपर्यंत ली नावाची नदी, आणि तिच्या दोन्ही काठांना चुनखडीचे डोंगर. पावसाने लाखो वर्षं खाऊन खाऊन त्यांचे सुळके केलेले. जगभरचे बॅगवाले तिथे गेल्या चाळीस वर्षांपासून येतात, सायकली भाड्याने घेतात आणि केळ्याचं धिरडं खातात. भाच्याने खिशातून चीनची २० युआनची नोट काढून टपरीवर सगळ्यांना दाखवली. "मामा, हे बघा. नोटेच्या पाठीवर जो डोंगर आहे ना, त्याच्यासमोर उभं राहून मी ही नोट धरून फोटो काढला." नोट हातोहात फिरली. टपरीवाल्याने ती उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "इथं चालते का?"

"तिथे बांबूच्या तराफ्यावरून नदीत फिरवतात," भाचा सांगत होता. "म्हणजे बांबूच्या आकाराचे पीव्हीसी पाइप असतात, आणि मागे मोटर."

टपरीवर शांतता पसरली. गडचिरोलीच्या माणसाला प्लॅस्टिकचा बांबू दाखवायला नेतात, ही गोष्ट पचायला वेळ लागला. मग भाच्याने पाणकावळ्यांचं सांगितलं. ली नदीवरचे कोळी पूर्वी पाणकावळे पाळून त्यांच्याकडून मासे धरून घेत. आता ते कोळी तेच पाणकावळे आडव्या काठीवर बसवून फोटोसाठी उभे राहतात आणि फोटोचे पैसे घेतात. "म्हंजे पाखराची पन नोकरी लागली," एक म्हातारे म्हणाले. आमच्या कठाणी नदीवरचा पाणकावळा अजून स्वतःसाठीच मासे मारतो. त्याला खातं नाही.

मीही पेटलो. म्हणालो, बाबा रे, नदी आणि डोंगर पाहायला क्वेलिन कशाला? इथे कठाणी आहे, ती पुढे वैनगंगेला मिळते. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाला गोदावरीत जाते. पूर्वेला मुरूमगावच्या पुढे छत्तीसगडपर्यंत डोंगरच डोंगर. टिपागडावर गोंडराजांचा किल्ला आहे, वर तळं आहे. आलापल्लीला असं जुनं सागवान आहे की २०१४ साली तो जंगलाचा तुकडा राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. वडधमला झाडांचे दगड झालेले पडलेत. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्या एका जागी येतात. भाच्याचे डोळे चमकले. "मामा, हे तर इंडियाचं यांगशुओ आहे!" हे आमचं नशीबच आहे म्हणा. मार्कंडा विदर्भाचं खजुराहो. आता कठाणीलाही चिनी आडनाव लागलं.

दुसऱ्या दिवशी भाचा बॅग घेऊन निघाला आणि मी त्याच्यासोबत, कारण एकट्याला सोडलं असतं तर माझ्या बहिणीने फोन करून करून मला सोडलं नसतं.

एसटीत चढताच कंडक्टरने बॅगेकडे पाहिलं. "याचं अर्धं तिकीट लागंल." शेजारच्या बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसल्या होत्या. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून त्या हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, "आमचं अर्धं, बॅगचं अर्धं. अन् कोंबडीचं?" कंडक्टरने कोंबडी दिसलीच नाही असं केलं.

बॅगेत काय काय होतं, ते त्या बाईंच्या आग्रहाखातर गाडीतच उघडून झालं. कपाळाला बांधायचा दिवा. घडी केली की मुठीत मावणारा टॉवेल. नाल्यातलं पाणी गाळून प्यायची नळी. छातीवर, कमरेवर आवळायचे पट्टे, आणि त्यातल्या एका पट्ट्याला चक्क शिट्टी. सगळ्यात खाली पिवळ्या कापडाचं गाठोडं.

"हे का होय?"

"झोपायचं आहे, मावशी. यात शिरून चेन लावायची."

मावशींनी कापड चिमटीत धरून चोळलं, शिवण पाहिली, चेन वरखाली केली. मग माझ्याकडे वळून अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "काहून गा गुरुजी, लोकायच्या घरी खाटा नाईत का?"

आम्ही एका वस्तीच्या फाट्यावर उतरलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारबाबा ऊन खात बसले होते. त्यांनी बॅग पाहिली, विडी विझवून कानावर ठेवली आणि काही न बोलता डाव्या हाताचं बोट पुढे केलं. भाच्याला वाटलं, हस्तांदोलनाची माडिया गोंडांची पद्धत असेल. त्याने अदबीने ते बोट हातात धरलं. बाबा वाट पाहत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "टोच ना गा लवकर." मलेरियाचं रक्त घ्यायला आलेला बॅगवाला बोट धरून नुसता हसत उभा आहे, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"बाबा, मी मलेरियावाला नाही. मी फिरायला आलो."

"हो ना. फिरतीवरच येतात सगळे."

एव्हाना बातमी गावभर झाली होती. एक बाई लेकराला वजनासाठी घेऊन आल्या. एकाने घरकुलाच्या हप्त्याचं विचारलं. दोन पोरांनी टॉवर कधी सुरू होतो ते विचारलं. आणि मग एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीवर पुन्हा पिशवी, अशी जपून ठेवलेली कागदं घेऊन आले. वनहक्काचा दावा होता. भाचा परोपरीने सांगू लागला, की दादा, हे माझ्याकडे नाही हो. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आधीच्या साहेबाय्‌नं पन हेच सांगितलं होतं." आणि झेरॉक्सची एक प्रत त्याच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटलीशेजारी, घडी घालून सारली. पाठोपाठ निराधार योजनेचे दोन अर्ज आले. जमीन मोजणीचा एक. पुण्याहून निघताना भाच्याने बॅगेचं वजन ग्रॅममध्ये मोजून आणलं होतं, दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा त्यासाठी अर्धा कापलेला. त्या हिशेबात अर्ज नव्हते.

या सगळ्यात कागदाचा जो खेळ आहे, तो इथल्या बांबूपासून सुरू होतो. या जंगलाचा बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. म्हणजे ज्यांच्या अंगणातून बांबू गेला, त्यांनाच त्याचा कागद विकत घेऊन बांबूसाठी अर्ज लिहावा लागला. शास्त्राने बांबू हे गवत, पण १९२७च्या वन कायद्याने ते झाड ठरलेलं. जंगलाबाहेर लावलेला बांबू झाड नाही, हे कबूल करायला २०१७ साल उजाडलं. यातून वाट काढली ती धानोऱ्याजवळच्याच मेंढा (लेखा) या गोंड गावाने. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणणारं हे गाव. ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय नाही. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. खात्यांची माणसं गावात येतात हे आम्ही नेहमी पाहतो. इथे गावच खातं होऊन बसलं. नदीकाठी उभं राहून भाच्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "मामा, हे पीव्हीसीवाल्यांना सांगितलं पाहिजे."

मुक्कामाचा प्रश्न आला तेव्हा आम्ही एका विश्रामगृहात गेलो. खानसाम्याने रजिस्टर पुढे केलं. रकाने : नाव, पदनाम, खाते, प्रयोजन. भाच्याने नाव लिहिलं आणि पेन हवेत थांबलं. खानसामा भला माणूस. म्हणाला, "पदनाम रिकामं ठेवता येत नाई साहेब." बराच विचार करून त्याने स्वतःच पेन घेतलं आणि पदनामाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'भासा'. खात्यात लिहिलं : 'गुरुजीचा'. प्रयोजनावर मात्र गाडी अडली. 'फिरणे' लिहिलं तर वरचे साहेब विचारतील, कशासाठी. शेवटी 'फिरणे' पुढे कंसात 'तपासणी' घातलं, तेव्हा खोलीची किल्ली मिळाली.

भाच्याला याचा राग आला. चीनमध्ये म्हणे असं नसतं. मी त्याला शू शियाकेची गोष्ट सांगितली. १५८७ साली जन्मलेला हा चिनी गृहस्थ सरकारी परीक्षेच्या वाटेला न जाता तीसेक वर्षं नुसता देश पाहत पायी हिंडला. त्याच्या डायरीची पहिली नोंद १९ मे १६१३ची. चीन सरकारने २०११ पासून तो दिवस पर्यटन दिन केला. जगातला पहिला बिनखात्याचा माणूस म्हणायला हरकत नाही. १६३७ साली हा क्वेलिनला पोचला. तिथे राजपुत्राच्या वाड्याच्या आवारात एक सुळका आहे, तो त्याला चढायचा होता. परवानगीसाठी खेटे घातले, वाट पाहिली, पण मिळाली नाही ती नाहीच. तुला निदान एका कंसावर किल्ली मिळाली, मी म्हटलं. त्यावर तो जरा शांत झाला.

पुढे आम्ही भामरागडपर्यंत गेलो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी छापून येते. संगमाची बातमी कधी येत नाही, कारण तो तुटत नाही. अलीकडे हेमलकसा आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले. आमच्या धानोरा तालुक्यातल्या चातगावजवळ अभय आणि राणी बंगांचं शोधग्राम आहे. त्यांची 'सर्च' संस्था १९८६ची. बाहेरचा माणूस बॅग घेऊन गडचिरोलीत हिंडतो तो बहुतेक या दोन ठिकाणांसाठी, आणि डोळे पुसत परततो. ते योग्यच आहे. पण त्यामुळे इकडे नुसतं नदीकडे पाहून खूश होणं हे जरा हलक्या चारित्र्याचं लक्षण मानलं जातं. भाचा संगमावर पाय पाण्यात सोडून बसला, तर काठावरच्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, पोराला काही टेन्शन आहे का?"

परतताना एका गावात मंडईच्या जत्रेनिमित्त नाटक होतं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम चालतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि खलनायकाचा हिशेब होईस्तोवर कोंबडा आरवतो. डिसेंबरची थंडी. इथे त्या पिवळ्या झोपपिशवीची घडी पहिल्यांदा मोडली. भाचा तीत शिरायला गेला, तर मागच्या रांगेतली दोन लेकरं त्याच्या आधीच आत होती. तिसरं पाय खुपसायला पाहत होतं. भाच्याने उठून पिशवी त्यांना देऊन टाकली, आणि शेजारच्यांच्या घोंगडीत जागा मिळाली तिथे रात्रभर नाटक पाहिलं. चीनमध्ये एवढ्या दाटीवाटीने त्याला कोणी बसवलं नव्हतं.

धानोऱ्याला आल्यावर टिपागडाचा बेत होता. पण बॅगेत अर्ज होते, आणि अर्ज घेऊन गड चढणं त्याच्या मनाला पटेना. मग आम्ही एका कचेरीत गेलो. तिथून दुसरीत. तिथून पहिलीत, कारण आवक क्रमांक पहिलीतच पडतो. पुण्याच्या पोराला बॅगेसकट पाहून प्रत्येक टेबलावरच्या माणसाने उठून खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "वरून आले का साहेब?" भाचा शहाणा झाला होता. नुसता हसला. सगळ्या अर्जांवर शिक्के पडले. टिपागड राहिला तो राहिलाच.

मला विचाराल, तर टपरीचा तो प्रश्न अडाणीपणाचा नाही. या मुलखात जो आला तो काहीतरी न्यायला आला : कोणी हिरे, कोणी बांबू, तेंदूपत्ता, लोखंड, कोणी मतं, कोणी रक्ताचं सँपल, कोणी प्रबंधाची माहिती. नुसतं पाहायला आलो म्हणणाऱ्यावर संशय येणारच. न जाणो, एवढं बारकाईने पाहून हा पुढे काय नेणार? पर्यटन वाढावं म्हणून कोणी इथे प्लॅस्टिकचे बांबू तरंगवू नयेत आणि पाणकावळ्याला नोकरीला लावू नये. माणसं येत राहिली, पाहून परत गेली, काही उचलून नेलं नाही, की लोकांचा विश्वास आपोआप बसेल. आमच्या टपरीच्या यादीत त्या डिसेंबरात एक नोंद तशी वाढली आहे.

म्हणून तुम्ही या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हिरवं पाहायचं असेल तर पावसाळा, पण मग पुराचा अंदाज विचारून पाऊल टाका. रेल्वेने यायचं तर वडसा-देसाईगंजला उतरा, पुढे एसटी आहे. रोख पैसे जवळ ठेवा. कुठल्याही गावात शिरताना आधी गावच्या माणसाला विचारा, जंगलात विचारल्याशिवाय मुळीच नको, आणि दारू आणू नका. १९९३ पासून जिल्ह्यात बंदी आहे. सामान मात्र कमी घ्या, बॅग अर्धी रिकामी ठेवा. जाताना कोणी मोहाची फुलं देईल, कोणी नव्या धानाचे तांदूळ देईल, आणि कोणी अर्ज देईल. तो अर्ज नाही म्हणू नका. संबंधित टेबलावर द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.